फॅमिली हाय न्हवं?

वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोडं सोडून कोल्हापुरात राहायला आले, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षं मास्तरकी केलेला माणूस सिनेमाच्या कथा लिहायला म्हणून इथं आला आणि कायमचा कोल्हापूरकर झाला. पुढचं सगळं, म्हणजे ‘ययाति’, ज्ञानपीठ वगैरे, वाङ्मयाच्या इतिहासात आहे. मला हवी होती ती माहिती मात्र एकाही इतिहासात सापडली नाही. त्यांना घर दाखवलं कुणी? डिपॉझिट किती महिन्यांचं घेतलं? ‘रात्री फार उशिरापर्यंत दिवा जळणार नाही ना?’ असं मालकानं विचारलं का, आणि लेखक माणसानं त्यावर काय थाप मारली? मराठी समीक्षेनं त्यांची रूपकं मोजली, अलंकार मोजले. भाडं मोजायचं राहून गेलं.

‘प्रभात’ची गोष्ट उलटी. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली ही फिल्म कंपनी १९३३ साली बिऱ्हाड आवरून पुण्याला गेली. कोल्हापूरकरांनी हे अजून मनावर घेतलेलं आहे. मी डोंबिवलीहून इथं राहायला येतोय म्हटल्यावर एक घरमालक म्हणाले, ‘बरं झालं. सगळी हितनं तिकडंच जात्यात. प्रभातवालीबी गेली.’ मग त्यांनी भाडं सांगितलं. ते ऐकल्यावर प्रभातवाले का गेले असतील याचा मला थोडा अंदाज आला.

माझं वय ५१. विमा कंपनीतली नोकरी, त्यामुळं इतरांच्या आयुष्यात काय काय होऊ शकतं याचा दांडगा अभ्यास. आपली बदली होऊ शकते हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. कागद हातात ठेवताना साहेब म्हणाले, ‘नशीबवान आहात, रोज तांबडा-पांढरा रस्सा!’ माझं कोलेस्टेरॉल त्यांना माहीत नव्हतं. मुलगी बारावीला, तेव्हा बायकोनं परीक्षेपर्यंत डोंबिवलीत राहायचं आणि मी पुढं जाऊन घर बघून ठेवायचं, असा बेत ठरला. बेत चांगलाच होता. कोल्हापूरला तो पसंत पडला नाही, एवढंच.

पंचविशीत घर शोधताना माणसाला नळ आणि खुंटी पुरते. पन्नाशीनंतर यादी लागते. माझ्या यादीत पहिला मजला होता, कारण डावा गुडघा. कमोड होता, कारण उजवा गुडघा. औषधाचं दुकान हाकेच्या अंतरावर, कारण रक्तदाबाच्या गोळ्या नेहमी रविवारीच संपतात. सकाळी चालायला मोकळी जागा. जवळपास लग्नाचा हॉल नको. आणि मालक त्याच इमारतीत राहणारा नको. ही शेवटची अट मी डोंबिवलीत बसून लिहिली होती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.

कोल्हापुरातल्या पहिल्याच फोनवर प्रश्न आला, ‘फॅमिली हाय न्हवं?’

‘आहे. पण सध्या मी एकटाच येणार.’

‘बॅचलरला देत न्हाई आम्ही.’

‘अहो, मी एक्कावन्न वर्षांचा आहे.’

‘त्येच म्हंतोय.’

त्यांचंही बरोबर होतं. बावीस वर्षांचा पोरगा एकटा आला तर तो का आला हे सगळ्यांना माहीत असतं. शिवाजी विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, एमपीएससीच्या अभ्यासिका आहेत. पोरगा पसारा करणार, एका गाडीवर तिघं बसून येणार, भिंतीवर वेळापत्रक चिकटवणार आणि रंग उडवून जाणार. त्याचं भाडं त्या हिशेबानंच लावलेलं असतं. पन्नाशीतला माणूस एकटा आला की घरमालकाच्या मनात दोनच शक्यता येतात. बायको सोडून गेली असेल, किंवा हा सोडून आला असेल. बदली ही तिसरी शक्यता बायको समक्ष दिसल्याशिवाय कुणी धरत नाही. राजारामपुरीतल्या एका मालकिणीनं व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मी लावला. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, बायकोला ‘जेवलासा काय?’ विचारलं आणि मग डोंबिवलीचं आमचं स्वयंपाकघर फिरवून दाखवायला लावलं. ओटा पुसलेला होता, फोडणीच्या डब्याला झाकण होतं. बायको पास झाली. फोन परत देताना मालकीण मला म्हणाली, ‘बाई चांगली हाय. तुमचं काय?’

याच मालकिणीच्या नवऱ्यानं, भाडं जरा जास्त वाटतंय असं मी म्हटल्यावर, गल्लीकडं हात करून सांगितलं होतं, ‘ह्या राजारामपुरीत खांडेकर राहायचे. ज्ञानपीठ मिळालंय हितं ऱ्हाऊन.’ म्हणजे भाड्यात ते धरलेलं होतं.

एजंट मला दाभोळकर कॉर्नरच्या एका चहाच्या गाड्यावर भेटला. तिशीतला पोरगा. दिवसा एजंट, संध्याकाळी तालमीचा खजिनदार, गणपतीच्या आधी महिनाभर दोन्ही कामं बंद. मला ‘काका’ म्हणायचा, घरमालकांना ‘मालक’ आणि फोनवर जो कोण असेल त्याला ‘भावा’. त्याच्याकडं घरांचे तीन शेरे होते. ‘भारी’ म्हणजे छत गळतं. ‘लई भारी’ म्हणजे छत गळतं, पण रंकाळा दिसतो. ‘नाद खुळा’ म्हणजे छत गळत नाही आणि भाडं परवडत नाही. रंकाळा दिसणारं एक घर मी बघितलं. संडासातल्या खिडकीतून दिसायचा, तोही कमोडच्या झाकणावर उभं राहून. ‘सकाळ सकाळ काय मजा येईल, काका,’ एजंट म्हणाला.

या पोराच्या मागं बसून मी जे कोल्हापूर पाहिलं, त्याचे पत्ते टपाल खात्याच्या कुवतीबाहेरचे आहेत. बिनखांबी गणेशापासून उजवीकडं, पापाची तिकटी ओलांडून, अर्ध्या शिवाजीच्या अलीकडं, पाण्याच्या खजिन्याच्या मागं. पाटीवर लिहिलंय ताराराणी चौक, सगळे म्हणतात कावळा नाका; पाटी वाचून पत्ता विचारणारा माणूस बाहेरगावचा, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, आणि बाहेरगावचा कळला की भाडं हजारानं वर जातं. म्हणून मी पाट्या वाचणं सोडून दिलं.

हद्दीचा घोळ त्याहून मोठा. १९७२ साली इथं नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि त्यानंतर कित्येक दशकं शहराची हद्द तसूभर हलली नाही. माणसं हलली. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी, सगळीकडं अपार्टमेंटं उभी राहिली. रस्त्याच्या अलीकडं महापालिका, पलीकडं ग्रामपंचायत, आणि मधे वडापाववाला, जो दोघांनाही जुमानत नाही. हद्दवाढ व्हावी म्हणून शहरानं मोर्चे काढले, होऊ नये म्हणून गावांनी काढले. घरमालकाला मात्र दोन्हीची सोय आहे. भाडं सांगताना त्याचं घर कोल्हापुरात असतं, कचऱ्याच्या गाडीचं विचारलं की ते ग्रामपंचायतीत जातं.

हद्दीच्या आत असलं की पाण्याच्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर मिळतं. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं पाणी यावं म्हणून या शहरानं वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि २०२३ च्या दिवाळीत ते एकदाचं आलं.

‘पाणी चोवीस तास असतं?’

‘थेट पाइपलाइन हाय.’

‘ते झालं. पण रोज येतं का?’

‘थेट पाइपलाइन हाय की, साहेब.’

‘आता नळाला आहे का?’

‘आता न्हाई.’

त्यात माझी वेळ चुकली. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली, वकिलांनी कित्येक वर्षं लावून धरलेली मागणी पुरी झाली आणि ज्यांच्याकडं रिकामा ब्लॉक होता त्या सगळ्यांचे डोळे चमकले. माझ्याकडं ऑफिसची काळी बॅग असते. केस कानांपाशी पांढरे. चष्मा नाकावर. ‘बेंचचे काय?’ दार उघडणारा प्रत्येक जण विचारायचा. मी नाही म्हटलं की तो नाराज व्हायचा, पण भाडं बेंचचंच सांगायचा. ‘आता बेंच झालंय न्हवं,’ हे वाक्य गळक्या नळालाही लागू होतं, बिघडलेल्या लिफ्टलाही. विमानतळाजवळच्या एका अपार्टमेंटवर पाटी होती, ‘हायकोर्ट दहा मिनिटांवर.’ मी एजंटला विचारलं, ‘विमानानं?’ तो म्हणाला, ‘काका, तुम्ही लई खोलात जातासा.’

आणि मग ते शाहूपुरीच्या खालच्या अंगाचं घर.

घर खरोखर चांगलं होतं. तळमजला, म्हणजे दोन्ही गुडघ्यांची सोय. पुढं पारिजातक, मागं धुणं वाळत घालायला जागा, औषधाचं दुकान समोरच. भाडं ऐकून मी एजंटकडं बघितलं. शहराचा भाव चढलेला असताना हे एवढं कमी कसं? तो मोबाइल बघत होता. आत गेलो. अंधार होता, म्हणून दिव्याच्या बटणासाठी भिंत चाचपली. बटण सापडेना. मालकांनी मागून हात लांब करून माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी खटका दाबला. घरातले सगळे स्विचबोर्ड डोक्यावर हात उंचावल्याशिवाय पोचता येणार नाही अशा उंचीवर होते. माझा उजवा खांदा गेल्या वर्षीपासून आखडलेला आहे, त्यामुळं हे लगेच जाणवलं.

‘बटणं एवढी वर का?’

‘लहान पोरं हात लावत्यात म्हणून.’

‘तुमच्याकडं लहान मुलं आहेत?’

‘न्हाईत.’

भिंतीचा खालचा भाग नव्या ऑइलपेंटचा, वरचा जुन्या डिस्टेंपरचा. कपाटाचं प्लाय खालून फुगलेलं. दारांना उंबऱ्यापाशी नवीन लाकूड जोडलेलं. विम्यातला माणूस मी. हे सगळं एका क्षणात जुळायला हवं होतं. पण पारिजातक मधे आला. मी यादीप्रमाणं पुढचा प्रश्न विचारला, ‘पाण्याचं कसं आहे?’

एजंटला खोकला आला. मालक मात्र सरळ माणूस होते. ‘खोटं सांगणार न्हाई. एकोणीसला हितंपर्यंत आलतं,’ त्यांनी छातीवर हात ठेवला. ‘एकवीसला हितं.’ हात हनुवटीला लावला. ‘पाचला काय झालतं ते वडलांस्नी म्हाईत.’

पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांची तब्येत विचारण्याआधी पंचगंगेची विचारतात, आणि ती फुटांत सांगितली जाते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला नदी ५५ फुटांच्याही वर गेली होती. हे मी पेपरात वाचलं होतं. पेपरात नसतं ते मालकांनी पाठ म्हणून दाखवलं.

‘एकोणचाळीसला काय मनावर घ्यायचं न्हाई. चा घ्यायचा. त्रेचाळीसला गाडी वरच्या रस्त्याला नेऊन लावायची. पंचेचाळीसला फ्रीज टेबलावर. सत्तेचाळीसला सिलिंडर माळ्यावर, न्हाईतर तरंगतंय. अठ्ठेचाळीसला आम्ही तुम्हाला हाक मारतो.’

‘आणि पन्नासला?’

‘पन्नासला तुम्ही आम्हाला हाक मारायची न्हाई. आम्ही पावण्यांकडं असतो.’

मी विचारलं, पुराच्या दिवसांत प्यायचं पाणी तरी? तर त्या वेळी नळ कोरडे, कारण पाणी उपसणारे पंपच नदीत बुडायचे. २०१९ ला तेच झालं, २०२१ लाही तेच. सगळा मोहल्ला पाण्यात बसून पाण्याच्या टँकरची वाट बघत होता. ‘तुमच्या मुंबईत असं असतंय काय?’ मालकांनी विचारलं. आवाजात थोडा अभिमान होता.

पावसाळ्याचे चार महिने भाडं निम्मं करावं, असं मी सुचवून पाहिलं. विम्यात जोखमीचा हिशेब असतो, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘मग उन्हाळ्यात दुप्पट देणार काय?’ ज्या शहरानं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून टोलनाके घालवले, त्या शहरात मी घासाघीस करायला निघालो होतो.

आता ‘फॅमिली’नंतरचा तो दुसरा प्रश्न, जो प्रत्येक घरात येतो पण सरळ कधीच येत नाही. सरळ आला तर तो ‘तुम्ही कुणापैकी?’ असा असतो. सभ्य माणसं गावापासून सुरुवात करतात. माझ्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे आणि आधी असं एक गाव, की तिथल्या झाडून सगळ्या जातींनी ते लावलंय. माझ्या पूर्वजांनी माझ्यासाठी एवढं एकच काम करून ठेवलं. नागाळा पार्कातल्या एका निवृत्त गृहस्थांची त्या आडनावानं फार पंचाईत केली.

‘गाव कुठलं?’

‘सातारा जिल्ह्यात. पाटणकडं.’

‘कुलदैवत?’

‘जोतिबा.’

त्यांनी सुस्कारा सोडला. जोतिबा सगळ्यांचाच. ‘सौ.चं माहेरचं आडनाव?’ सांगितलं. तेही ‘कर’. ‘देवक कोणतं तुमचं?’ मला माहीत नव्हतं. ‘वडलांना विचारा की.’ वडील वारले, म्हटलं. ‘अरेरे,’ ते खरोखर हळहळले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि क्षणभर थांबून म्हणाले, ‘दिवस कुणाच्या हातनं घातले? भटजी होते, का जंगम?’

माणूस माझ्या दुःखात सहभागी होत होता आणि तपासही चालू होता. त्यांच्या डोक्यावर, सोफ्याच्या बरोबर वर, राजर्षी शाहू महाराजांची हार घातलेली तसबीर होती. याच महाराजांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. बाहेरगावची पोरं शिकायला आली तर त्यांना राहायला जागा मिळत नाही, हे ओळखून १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगं काढली. दसरा चौकात उभं राहिलं तर त्यांतली काही अजून दिसतात. त्या काळी पोरं एका पंगतीला बसत नव्हती, म्हणून बोर्डिंगं जातवार काढावी लागली. आता पंगत एक झालीय. ब्लॉक वेगळे राहिलेत.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचा तपास एवढा लांबत नाही. फोनवर नाव सांगितलं की काम होतं. ‘जागा आत्ताच गेली हो, पाच मिनिटांपूर्वी.’ पुढं कित्येक आठवडे त्याच फाटकावर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी डुलत असते. तो म्हणतो, ‘कोल्हापुरात एजंटांपेक्षा जास्त घरं मी लावून दिलीत. मी फोन केला की लगेच जातात.’ तो हे हसत सांगतो. पहिल्यांदा ऐकताना मीही हसलो होतो.

खाण्याचा प्रश्न त्यापुढं किरकोळ. मुंबईत मांसाहारी माणसाला घर मिळत नाही अशी ओरड असते, इथं पेठेत माझी गत उलटी झाली. ‘खातासा न्हवं?’ मालकिणीनं विचारलं. डॉक्टरांनी मटण बंद केलंय, म्हटलं. तिचा चेहरा उतरला. आजारी माणूस घरात घ्यावा की नाही, असा तो चेहरा होता. नवरा समजुतीनं म्हणाला, ‘पांढऱ्यानं काय हुईत न्हाई, साहेब. तांबड्यानं होतंय. तुम्ही पांढरा पीत जावा.’ दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका घरात मी शाकाहारी आहे म्हटल्यावर दिवाणखान्यात आनंद पसरला. मग हळूच प्रश्न, ‘अंडं?’ मी म्हटलं कधीतरी. ‘आणणार कशातून?’ त्यांचा आक्षेप अंड्याला नव्हता, पिशवी आरपार दिसते की काय एवढीच काळजी होती.

या सगळ्यांना भाडेकरूची एवढी धास्ती का, हे मला महाद्वार रोडवरच्या एका जुन्या वाड्यात कळलं. मालकांनी वर बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर त्यांच्या वडिलांनी ठेवलेला भाडेकरू होता. म्हणजे भाडेकरू वारला, त्याचा मुलगा होता. भाडं महिना चाळीस रुपये. जुन्या भाडेकायद्यानं गोठलेलं. मालक ते हातात घेत नाहीत, तो ते मनीऑर्डरीनं पाठवतो, ते परत पाठवतात. दोन्ही घरं एकमेकांकडं हळदी-कुंकवाला जातात. ‘म्हणून अकरा महिने,’ मालक म्हणाले. बारावा महिना त्यांना आयुष्यात बघायचा नव्हता.

तसं बघितलं तर अकरा महिन्यांना आता महाराष्ट्रात फारसा अर्थ उरलेला नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची, आणि ती चुकवली तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. शिवाय लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. हे मी एका मालकांना नम्रपणे सांगितलं, कारण ते म्हणत होते, ‘नोंदणी कशाला? आपण घरचीच माणसं. स्टॅम्पवर लिहून टाकू.’ माझं कलम ५५ संपेपर्यंत ते उठून उभे राहिले होते. ‘तुम्ही बेंचचेच हाय,’ ते म्हणाले. ती जागा गेली. पाच मिनिटांपूर्वी.

शेवटी एका शनिवारी बायको स्वतः आली. एजंट तिला बघून एवढा खूश झाला, की त्यानं गाडी पुसली. मंगळवार पेठेतला पहिला मजला, जिना अरुंद पण कठडा भक्कम, कमोड आहे, औषधाचं दुकान कोपऱ्यावर. मालकीण खालीच राहणारी. सत्तरीच्या पुढची बाई, नऊवारीचा पदर खोचलेला, हातात लसणाची पाकळी. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. बायकोला खाली बसवलं, सूप पुढं सरकवलं आणि दोघी लसूण सोलायला लागल्या. मला खुर्ची दिली होती.

‘माहेर कुठलं?’

‘वाईजवळ. पण एक मावशी गडहिंग्लजला असते.’

‘गडहिंग्लजात कुठं?’

बायकोनं सांगितलं. मग मावशीच्या नणंदेची चौकशी झाली, तिला उत्तूरला दिलेली निघाली, उत्तूरच्या घरातली एक सून कागलची, आणि कागलात मालकिणीचा चुलतभाऊ. लसणाचा गड्डा संपायच्या आत नातं लागलं. ‘म्हंजे पावणंच की तुम्ही!’ तिनं जाहीर केलं आणि आपणहून पाचशे रुपये कमी केले. एजंट माझ्या कानात म्हणाला, ‘काका, हे आधी का न्हाई सांगितलंसा?’ मला तरी कुठं माहीत होतं? लग्नाला चोवीस वर्षं होऊन मी त्या मावशीला दोनदा भेटलो असेन.

करार करायला एक तरुण लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. मालकिणीचा अंगठा यंत्राला वाचता येईना. जन्मभर भाकऱ्या थापून त्यावरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. तिनं अंगठा पदरावर घासला, मग कपाळाला घासला, आणि यंत्राला म्हणाली, ‘घे बाबा आता.’ यंत्रानं घेतला. मग तरुणानं अटी वाचल्या. लायसन्सदारानं सदर मिळकतीत पोटभाडेकरू ठेवू नये, मिळकतीचा वापर राहण्यासाठीच करावा, नुकसान झाल्यास भरपाई द्यावी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘हे झालं सरकारचं. आता माझं लिवा.’

तरुण थांबला. मालकीणमावशींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला पै-पावणं येतात, तेव्हा वरचा हॉल लागेल. झोपायला फक्त, जेवण खालीच. पेठेच्या टीमची मॅच असली की टीव्ही मोठ्यानं लागेल, आणि हरलो तर दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारायला यायचं नाही. बायको प्रत्येक अटीला मान डोलवत होती. मी यादीतली शेवटची अट आठवायचा प्रयत्न करत होतो.

‘आन धाकली भन माझी चिखलीला ऱ्हाती. नदीकाठ. पंचेचाळीस फूट झालं की ती येती. माणसं वर झोपतील, काय तरी करून मी बसवतो. जनावरं जिन्याखाली बांधायची, तुमची गाडी हाय तितं.’

‘आणि आमची गाडी?’ मी विचारलं.

‘गाडीला चारा लागतोय काय? ऱ्हाईल भाईर.’

‘मावशी, हे ॲग्रीमेंटमध्ये कसं लिहिणार?’ तरुणानं कपाळाचा घाम पुसला.

‘पार्किंगमदी लिवा.’

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बायकोकडं बघितलं. तिनं विचारलं, ‘दूध मिळेल ना मावशी?’ धारोष्ण मिळंल, मावशी म्हणाल्या, दारात काढून देतो. बायकोनं मला डोळ्यानंच सही करा म्हणून सांगितलं. तरुणानं टाइप केलं: पार्किंग, एक चारचाकी, पावसाळा वगळून; पावसाळ्यात म्हशी, नग दोन.

मावशी चष्मा चढवून पडद्यावर वाकल्या आणि सावकाश वाचून म्हणाल्या, ‘तीन लिवा. एक गाभण हाय.’